कोपराच्या खोबणीतली शीर

डावा हात पुढं करा. बाही कोपराच्या वर सरकवा, तळहात आभाळाकडं ठेवा. मनगटावरचं घड्याळ काढलंत तरी चालेल. पहिल्या मुक्कामाला त्याचा काही उपयोग नाही.

साल 1897, महिना श्रावण. तुम्ही आष्टीत आहात. परतूरची आष्टी, बीडची नव्हे आणि वर्ध्याचीही नव्हे. पायाला काळी माती चिकटतेय, दक्षिणेला गोदावरी, मुलूख निजामाचा, कमरेच्या कशात असलाच तर हाली रुपया. मनमाडहून सिकंदराबादला जाणारी आगगाडी परतूरला यायला अजून काही वर्षं आहेत. तुमचा गुडघा सुजलाय आणि लिंबाखाली वैदूनं आपली झोळी उघडलीय.

हात पुढं केलात खरा, पण या सालात हाताला कुणी विचारत नाही. दुखतंय गुडघ्यात, तर रक्तही गुडघ्याचंच काढायचं. वैदू वस्तऱ्यानं बारीक फासण्या मारतो, शिंगाचं रुंद तोंड त्यावर टेकवतो, टोकाच्या भोकाला तोंड लावून हवा ओढतो आणि भोक मेणानं बुजवतो. कातडी आत ओढली जाते. थोड्या वेळानं शिंगाची ही तुमडी निघते तेव्हा आत काळपट, घट्ट झालेलं रक्त असतं. ते तो तुम्हाला दाखवतो. ‘हे बघा, किती खराब झालं व्हतं.’ तुम्हीही मान डोलावता, कारण ठणका खरंच थोडा उतरल्यासारखा वाटतो. ओंजळभर ज्वारी त्याच्या झोळीत पडते आणि रक्त मातीत.

या विद्येला अडाण्यांचा खेळ म्हणून हसू नका. जळवा, शिंग, भोपळा आणि शिरावेध हे रक्त काढण्याचे प्रकार सुश्रुतसंहितेत तपशिलानं दिलेत. कुणाचं रक्त काढू नये याचीही यादी तिथं आहे: लेकरं, म्हातारी माणसं, गर्भार बाई, खंगलेला माणूस. हीच माणसं या प्रवासात पुन्हापुन्हा भेटणार आहेत.

याच महिन्यात, निजामाच्याच मुलखातल्या सिकंदराबादच्या छावणीत, रोनाल्ड रॉस नावाचा लष्करी डॉक्टर हुसेन खान नावाच्या हिवतापाच्या रुग्णाला डास चावून घेतोय. एका डासामागं एक आणा. दहा डास, दहा आणे. 20 ऑगस्टला त्यातल्या एका डासाच्या पोटात त्याला हिवतापाचा जंतू सापडतो. आष्टीच्या लिंबाखाली रक्त मातीत टाकलं जातंय आणि सिकंदराबादेत तेच रक्त भिंगाखाली वाचलं जातंय. रक्त देण्याची मजुरी तेव्हा रुग्णाला मिळाली, ही गोष्ट नंतर फारशी घडलेली नाही. शीर शोधणारा कारागीर होता डास, आणि त्याला अंधारातही ती बिनचूक सापडते.

चला पुढं.

1962. गाव तेच, पण आता महाराष्ट्रातलं, जिल्हा परभणी. घराच्या भिंतीवर एक छापील चौकट दिसतेय, तिच्यात तारखा आणि सह्या. दर पंधरवड्याला सायकलवरून येणाऱ्या मलेरियावाल्याची ती हजेरी. तो ओट्यावर टेकतो आणि दोनच प्रश्न विचारतो: घरात आज कुणाला ताप आहे का? गेल्या पंधरा दिवसांत कुणाला येऊन गेला का?

तुम्हाला आला होता. डाव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट तो स्पिरिटच्या बोळ्यानं पुसतो, टोचतो, पहिला थेंब पुसून टाकतो आणि दुसरा काचेवर घेतो. एक जाड ठिपका, एक पातळ लेप. काच वाळली की कागदात गुंडाळून पिशवीत. तुम्हाला क्लोरोक्विनच्या कडू गोळ्या. काचेचं पुढं काय झालं ते कळायला किती दिवस लागतील हे तो सांगत नाही. तुम्हीही विचारत नाही. दूर कुठल्या तरी प्रयोगशाळेत एक माणूस ती काच जेएसबी रंगात बुडवून भिंगाखाली एकेक क्षेत्र सरकवत बघेल. दिवसभर. रोज.

या कामाला शिरेची ओळख लागत नाही. पाय लागतात, आणि ते मोठं काम करून जातात. 1953 साली हिवताप नियंत्रणाचा आणि 1958 साली निर्मूलनाचा कार्यक्रम देशात सुरू झाला आणि 1961 मध्ये नोंदलेले रुग्ण पन्नास हजारांच्या आसपास उतरले. मग डास डीडीटीला सरावले, घरोघरची पाळत सैलावली, आणि 1976 साली हाच आकडा 64 लाखांवर गेला. रक्त घेणाऱ्या-मोजणाऱ्या यंत्राचा इथं अजून पत्ताही नाही. माणसाचं येणं थांबलं तर काय होतं एवढं मात्र बघून ठेवा.

पुढचा मुक्काम 1988. जालना जिल्हा होऊन सात वर्षं झालीत; 1 मे 1981 ला तो झाला, आणि आष्टी परभणीतून जालन्यात आली. आता मात्र हाताचं काम आहे. दवाखान्यात स्टोव्हवर काचेच्या सिरिंज उकळतायत. सुई पुन्हापुन्हा वापरून बोथट झालीय. बोथट सुया दगडावर घासून पुन्हा धारेवर आणायची पद्धत अजून गेलेली नाही. तुमच्या दंडावर रबरी नळी आवळली जाते.

‘मूठ आवळा. आवळूनच धरा.’

इथं जरा थांबू, कारण सगळी गोष्ट या पाच-सात सेकंदांची आहे. समोरचा माणूस तुमच्या कोपराच्या खोबणीकडं बघतही नाही. तो बोट ठेवतो. दाबतो, सोडतो, पुन्हा दाबतो. कंडरा दोरीसारखी ताठ लागते. धमनी उडते. शीर दाबली की खाली जाते आणि सोडली की बोटाला परत भेटायला येते. मधली शीर सगळ्यात भरवशाची, कारण ती जागा सोडत नाही. बाहेरच्या अंगाची चालते. आतल्या अंगाचीही दिसते छान, पण तिच्या शेजारून धमनी आणि मज्जातंतू जातात, म्हणून जाणता माणूस तिथं शेवटी जातो. काही शिरा दिसतात आणि सुई लागताच बाजूला सरकतात. त्यांना ‘पळणारी शीर’ म्हणतात. तिला अंगठ्यानं खालून कातडी ताणून धरावं लागतं. हे पुस्तकात एका परिच्छेदात मावतं. बोटात उतरायला शेकडो हात लागतात आणि त्यातले बरेचसे हात सोपे असावे लागतात, म्हणजे चुकत चुकत बोटाला नेम येतो.

रक्त काढून झाल्यावर तोच माणूस आत जातो. साहलीच्या नळीत आम्लाबरोबर रक्त मिसळून त्याचा तपकिरी रंग शेजारच्या पट्टीच्या रंगाशी जुळेपर्यंत थेंब थेंब पाणी घालतो. तुमचं हिमोग्लोबिन किती ते त्याचे डोळे ठरवतात. पेशी मोजायच्या तर काचेच्या चौकटीतले चौकोन भिंगाखाली एकेक करून. घेणं, मोजणं, लिहिणं, सगळं एका माणसाकडं.

याला छेद देणारं यंत्र केव्हाच निघालेलं आहे. वॉलेस कोल्टर या अमेरिकन माणसानं बारीक छिद्रातून एकेक पेशी सोडून ती विजेच्या खुणेनं मोजायची युक्ती काढली. 1953 साली तिचं पेटंट मिळालं. तिथून पुढं मोठ्या शहरांच्या लॅबमध्ये आणि मग तालुक्याच्या लॅबमध्ये मोजणं यंत्राकडं गेलं. त्यामुळं कुणाचं काही अडलं असं नाही. माणसाचे डोळे दुपारी थकतात, यंत्राचे थकत नाहीत, आणि डेंग्यूच्या दिवसांत प्लेटलेटचा आकडा चौकटीतून मोजत बसायला कुणाला वेळ आहे? या धंद्यात यंत्र आलं ते मागच्या दारानं, सगळ्यात शेवटच्या कामापासून. पुढच्या दारात, सुई आणि कातडी जिथं भेटतात तिथं, ते पोचलं नव्हतं.

2019. आता जागा बदलू. खुर्चीवर समोर दुसरं कुणी आहे आणि सुई तुमच्या हातात.

एप्रिलचा शेवट. साखर कारखान्यांचे पट्टे पडलेत, गाळप संपलंय आणि ऊसतोडीला गेलेले कोयते गावी परतलेत. सकाळी नऊलाच दवाखान्याच्या पत्र्याखाली उकाडा आहे. रांगेत तीस-चाळीस माणसं. तुमच्या टेबलावर लाल, जांभळ्या, राखाडी झाकणांच्या ट्यूब आहेत. सुई एकदा वापरून टाकायची. 2017 पासून महालॅब सुरू आहे. राज्य सरकारनं केंद्राच्या एचएलएल लाइफकेअर कंपनीकडून चालवलेली ही सोय. नमुने इथं घ्यायचे, माणूस गाडीवरून येऊन थंड पेटीत ते घेऊन जाणार, तपासणी मोठ्या लॅबमधल्या यंत्रांवर होणार आणि निकाल संगणकावर येणार. म्हणजे 1988 च्या त्या माणसाचं मागचं अर्धं काम इथून उठून गेलंय. तुमच्याकडं उरलाय कोपर.

समोर बसलेली बाई पन्नाशीची असेल, किंवा चाळिशीचीच. सहा महिने मोळ्या डोक्यावरून ट्रकात चढवून आलीय. ओठ पांढरे. सकाळपासून पाणी नाही, कारण कुणीतरी ‘उपाशी या’ सांगितलं आणि तिनं पाणीही सोडलं. हातावर मनगटापासून कोपरापर्यंत गोंदण: तुळस, ठिपके, मधे कुणाचं तरी नाव. दंडावर पट्टा बांधताना हिरव्या बांगड्या वर सरकवाव्या लागतात.

‘मावशी, मूठ आवळा.’

‘आवळलीच हाय की, लेकरा. कोयता धरून धरून आता उघडतच न्हाई.’

मधली शीर बोटाला लागत नाही. पाणी कमी पडलं की शिरा बसतात. तुम्ही पट्टा सोडता, तिला पाणी पाजता, हात खाली लोंबता ठेवायला सांगता, मागच्या दोघांचं उरकून घेता आणि परत येता. दुसऱ्या हाताला, कोपराच्या जरा खाली, गोंदणाच्या तुळशीखाली काहीतरी बोटाला परत भेटतं. सुई आत जाते. ट्यूबमध्ये रक्त येतं, पातळ.

‘बाटलीभर काढलं की रे. कधी भरायचं आता हे?’

अंगात चार-साडेचार लिटर आहे, त्यातलं चमचाभर घेतलं, हे तुम्ही तिला सांगता. ती हसते. पटलं असं नाही.

ट्यूबवर नाव टाकताना चूक करू नका. 1997 साली इटलीत पादुआच्या प्लेबानी आणि कारारो यांनी एका लॅबमधल्या चुका मोजल्या, तेव्हा शंभरातल्या अडुसष्ट चुका नमुना यंत्रात जायच्या आधीच झालेल्या निघाल्या. पट्टा फार वेळ आवळून ठेवला, ट्यूब जोरात हलवून पेशी फोडल्या, एकाचं नाव दुसऱ्याला लागलं. कोट्यवधींच्या यंत्राला हे कळत नाही. दिलं त्याचा आकडा ते देतं.

आणि त्या आकड्यावर पुढं बरंच काही उभं राहतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनं महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या बायकांपैकी 54.2 टक्के बायकांना रक्तक्षय असल्याचं सांगितलं. तो आकडा बोटाच्या थेंबावरचा. थेंब नीट आला नाही, बोट पिळलं, तर त्यात अंगातलं पाणी मिसळतं आणि रक्त आहे त्याहून पातळ दिसतं. हा वाद इतका वाढला की सहाव्या फेरीतून रक्तक्षयाची तपासणी काढून ती आहार आणि जैवखुणांच्या वेगळ्या सर्वेक्षणाकडं देण्यात आली, आणि तिथं रक्त शिरेतून घ्यायचं ठरलं. बोट सोडून सरकारला परत कोपराकडं यावं लागलं.

सुईच नको म्हणणारेही आपल्याकडं होऊन गेले. मुंबईच्या बायोसेन्स कंपनीनं टच-एचबी नावाचं यंत्र केलं होतं. बोटाला चिमटा लावायचा, प्रकाश सोडायचा आणि रक्त न काढता हिमोग्लोबिन वाचायचं. पारोळ नावाच्या खेड्यात बाळंतपणात रक्तक्षयानं गेलेल्या बाईची गोष्ट सांगत मिश्किन इंगवले यांनी 2012 साली टेडच्या मंचावर ते दाखवलं. कल्पना सुंदर होती. पुढं त्याच कंपनीचं दवाखान्यांत पोचलेलं यंत्र ट्रू-एचबी, आणि ते पट्टीवर रक्ताचा थेंब मागतं. मी याला अपयश म्हणणार नाही. त्या माणसांनी प्रामाणिकपणे जिथं आकडा खरा येतो तिथं पाय रोवला. याउलट कॅलिफोर्नियात थेरानोस कंपनी एका थेंबात दुनियाभरच्या तपासण्यांचं आश्वासन विकत राहिली आणि तिच्या संस्थापिकेला 2022 साली न्यायालयानं फसवणुकीबद्दल दोषी ठरवलं.

आता सुई टोचणारं यंत्र. ते खरोखर आहे. न्यू जर्सीतल्या रटगर्स विद्यापीठानं 2020 साली माणसांवरच्या पहिल्या चाचणीचे निकाल सांगितले: 31 जणांवर वापरलं, 87 टक्के यश. ज्या 25 जणांच्या शिरा सहज सापडण्यासारख्या होत्या त्यांच्यात 97 टक्के. उरलेल्या सहा जणांचा हिशेब तुम्हीच करा. नेदरलँड्समधल्या उट्रेख्तची व्हिटेस्ट्रो कंपनी ‘अलेटा’ नावाचा मोठा रोबो करतेय. तो इन्फ्रारेड प्रकाश आणि अल्ट्रासाऊंडनं शीर शोधतो आणि सुई स्वतः टोचतो. तिथल्या रुग्णालयांत हजारो माणसांवर त्याच्या चाचण्या झाल्या आहेत.

शेवटचा मुक्काम माझ्या कल्पनेतला. समजा 2040, आष्टी. यंत्र आलंय. तुम्ही पुन्हा रांगेत.

यंत्र चांगलं आहे, हे आधी सांगतो. तुमच्यापुढच्या मास्तरांना मधुमेह आहे, दर तीन महिन्यांनी रक्त द्यावं लागतं. ते हात पन्हळीत ठेवतात, वरून लाल उजेड पडतो, सुई जाते, ट्यूब भरते, तिच्यावर नावाची पट्टी आपोआप चिकटते. नाव चुकत नाही. कुणा कर्मचाऱ्याच्या बोटात वापरलेली सुई घुसत नाही, आणि कावीळ किंवा एचआयव्हीच्या धास्तीनं ज्यांनी सहा महिने काढलेत त्यांना याची किंमत विचारा. यंत्राला माया नसते, हा आक्षेप मला फारसा पटत नाही. सरकारी असो की खासगी, रक्ताच्या रांगेत तासभर उभं राहून ‘हात दे, हलू नको’ ऐकलेल्या माणसाला मायेची फार सवय नसते.

मास्तरांच्या मागं ती मावशी. आता सत्तरीची. हात पन्हळीत. लाल उजेड गोंदणावर पडतो. गोंदण म्हणजे काजळ, आणि काजळ इन्फ्रारेड प्रकाश गिळतं. त्या उजेडाला तुळशीखालची शीर दिसणं अवघड. अल्ट्रासाऊंडला रंगाचं काही नाही, पण शीर सुतासारखी बसलेली, हात कापतोय, आणि बाहेर एप्रिल आहे.

‘शीर सापडली नाही. कृपया दुसरा हात ठेवा.’

दुसरा हात.

‘शीर सापडली नाही. कृपया कर्मचाऱ्यांशी संपर्क साधा.’

आतून एक मुलगी येते. डीएमएलटी, म्हणजे लॅब तंत्रज्ञाची पदविका, करून दोन वर्षं झालीत, हुशार आहे, यंत्राची देखभाल तिला उत्तम जमते. पण शेवटचं रक्त तिनं स्वतःच्या हातानं कधी घेतलं ते तिला आठवत नाही, कारण सोपे हात सगळे यंत्राकडं जातात. तिच्या वाट्याला येतात फक्त यंत्रानं सोडलेले: म्हातारे, लेकरं, गर्भार बाया, खंगलेले. सुश्रुताची ती यादी. पट्टा बांधताना तिचा हात कापतो. मावशीचा तर आधीपासूनच कापतोय.

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ लिझान बेनब्रिज यांनी 1983 सालच्या लेखात कारखान्यांबद्दल हीच अडचण मांडली होती: यंत्र सोपं काम घेतं, माणसाला फक्त अवघड प्रसंगी बोलावतं, आणि अवघड प्रसंग निभवायचा सराव ज्या सोप्या कामातून येतो तो त्याच्याकडून काढून घेतलेला असतो. शिरेच्या बाबतीत हे शब्दशः खरं आहे. माझी भीती ही आहे, आणि ती नोकऱ्या जाण्याच्या नेहमीच्या भीतीहून वेगळी आहे. माणूस कमी होईल हे दिसेल, त्यावर मोर्चे निघतील. माणूस खुर्चीवर राहील आणि त्याच्या बोटातली ओळख जाईल, हे कुठल्या तक्त्यात दिसणार नाही.

परत चला. घड्याळ घाला.

जालन्यात सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं उद्घाटन 9 ऑक्टोबर 2024 ला झालं. तिथं आणि जिल्ह्यातल्या प्रत्येक डीएमएलटीच्या वर्गात हाताला सराव देणं आजही शक्य आहे, यंत्र आल्यावरही शक्य राहील. त्यासाठी ठरवून काही सोपे हात यंत्राला न देता माणसाला द्यावे लागतील. थोडं हळू होईल, मास्तरांना दहा मिनिटं थांबावं लागेल. आणि यंत्र विकत घेणाऱ्यांनी कंपनीला चाचणी आष्टीत, एप्रिलच्या शेवटी, कारखान्यावरून परतलेल्या बायांच्या हातांवर घ्यायला लावावी. 97 टक्के कुणाच्या हातांवर आले, ते कागदावर मागावं.

तुमच्या गावच्या दवाखान्यात असं यंत्र आलं, तर नारळ फुटेल त्या दिवशी जा आणि साहेबांना एवढंच विचारा: यंत्राला शीर सापडली नाही तर रक्त कोण घेणार, आणि त्या माणसानं या महिन्यात स्वतःच्या हातानं किती जणांचं घेतलं?